खाण बंद झाली. जमीन मोकळी झाली का?

या महिन्यात सदराकडे आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाची आहेत. पत्र लिहिणारे चौघेही मुंबई परिसरात राहतात, आणि त्यांपैकी तिघांचे मूळ गाव विदर्भाच्या कोळसापट्ट्यात आहे. त्यामुळे या अंकातील सदर त्याच विषयाला दिले आहे. पत्रांत खाणींची व गावांची नावे आहेत, परंतु ती येथे छापलेली नाहीत.

प्रश्न : आमची वडिलोपार्जित चार एकर जमीन वर्धा नदीच्या खोऱ्यात आहे. शेजारच्या भूमिगत कोळसा खाणीचे काम थांबून वर्ष उलटले. यंत्रे काढून नेली, इंक्लाइनच्या (खाणीत उतरणाऱ्या तिरक्या वाटेच्या) तोंडाशी भिंत बांधली. गावी असलेले माझे धाकटे बंधू म्हणतात की आता सुरुंगाचे हादरे नाहीत, खाली कोणी काम करीत नाही, तेव्हा शेतात घर बांधायला हरकत नाही. मात्र गेल्या उन्हाळ्यात बांधाजवळ एक लांब भेग पडली आहे. मी अनेक वर्षे मुंबईत असल्याने मला यातले फारसे कळत नाही. काय करावे? — एक वाचक, मुलुंड

उत्तर : घराचे काम तूर्त थांबवावे, हे आधी सांगतो. आपल्या बंधूंचे म्हणणे उघड्या खाणीच्या बाबतीत काही अंशी खरे ठरले असते. भूमिगत खाणीत मात्र काम थांबले म्हणजे धोका संपला, असे गृहीत धरता येत नाही. जमिनीखाली काय काढले आणि काय शिल्लक ठेवले, यावर सारे अवलंबून असते.

आपल्याकडील बहुतेक भूमिगत खाणी बोर्ड आणि पिलर पद्धतीच्या आहेत. कोळशाच्या थरात उभ्या-आडव्या गॅलऱ्या काढत जायचे आणि त्यांच्यामध्ये कोळशाचेच चौकोनी खांब सोडायचे, अशी ही पद्धत. गॅलरीची रुंदी नियमानुसार 4.8 मीटरपेक्षा जास्त ठेवता येत नाही, आणि खांब किती मोठे असावेत हे थराच्या खोलीवर ठरते. या पहिल्या टप्प्यात साधारणपणे पाव ते एक तृतीयांश कोळसा निघतो आणि उरलेला खांबांच्या रूपाने छत पेलत उभा असतो. दुसऱ्या टप्प्यात हे खांबही काढतात. त्याला डिपिलरिंग म्हणतात. खांब काढल्यावर एक तर छत मुद्दाम कोसळू दिले जाते किंवा रिकामी जागा पाण्याबरोबर वाळू सोडून भरून काढली जाते. वाळू भरण्याच्या कामाला खाणीत स्टोइंग म्हणतात आणि खांब काढून झालेल्या जागेला गोफ. विदर्भात वर्धा, कन्हान यांसारख्या नद्यांच्या वाळूचा या कामी वापर झाला आहे.

आता या तिन्ही प्रकारांत वरच्या जमिनीचे काय होते ते पाहू. समजा थराची काढलेली जाडी 3 मीटर आहे. छत कोसळू दिले असेल, तर वरची जमीन काढलेल्या जाडीच्या साधारण साठ टक्क्यांपर्यंत, म्हणजे 1.8 मीटरपर्यंत खाली बसू शकते. वाळू नीट भरली असेल, तर हेच प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास राहते, म्हणजे सुमारे 15 सेंटिमीटर. छत कोसळू दिलेल्या ठिकाणी जमीन बसते ती बहुतांशी पहिल्या काही महिन्यांत, फार तर दोन-तीन वर्षांत. त्यानंतर ती बरीचशी स्थिरावते. तिसरा प्रकार खांब तसेच उभे ठेवून खाण सोडून दिल्याचा. वरून पाहणाऱ्याला हीच जागा सर्वांत निर्धास्त वाटते, कारण तेथे भेग नसते, खड्डा नसतो, पीकही सरळ उभे असते. मला विचाराल तर घर बांधण्याच्या दृष्टीने सर्वांत जास्त शंका याच जागेची घ्यावी, विशेषतः थर उथळ असेल तर. पाण्याने आणि हवेने खांबांचे कोपरे झिजतात, गॅलरीचे छत थोडे थोडे गळत वर सरकते, आणि वरचा खडक जेमतेम तीस-चाळीस मीटर जाडीचा असेल तर एखाद्या पावसाळ्यात जमिनीला अचानक भोक पडते. त्याला किती वर्षे लागतील याचा नेम नसतो.

चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्घुसच्या आमराई वॉर्डात ऑगस्ट 2022 मध्ये एक राहते घर जमिनीत गडप झाले, त्या वस्तीखाली जुन्या भूमिगत खाणीचे काम झालेले होते. घरातली माणसे वेळीच बाहेर पडली म्हणून जीव वाचले. आसपासच्या कुटुंबांना घरे सोडावी लागली. 1973 च्या राष्ट्रीयीकरणापूर्वी खाजगी मालकांनी चालवलेल्या खाणींच्या बाबतीत तर अडचण आणखी मोठी, कारण त्या काळचे नकाशे अनेकदा अपुरे असतात.

आपल्या भेगेविषयी. त्या भागात काळी माती असेल तर उन्हाळ्यात भेगा पडणारच, आणि प्रत्येक भेगेला खाणीची भेग समजू नये. मातीच्या भेगा जाळीसारख्या, चहूकडे पसरलेल्या असतात, फार खोल नसतात आणि पहिल्या दोन दमदार पावसांत मिटतात. जमीन बसल्याने पडलेली भेग एका दिशेने धावते. वाटेत बांध आला, पांदण आली, विहिरीची दगडी कड आली तरी ती त्यांना कापत पुढे जाते. तिची एक कड दुसरीपेक्षा बोटभर का होईना खाली असते. पावसाचे पाणी तिच्याशी येऊन साचत नाही, आत नाहीसे होते, आणि पुढच्या उन्हाळ्यात ती त्याच जागी परत दिसते. बंधूंना टेपने तिची रुंदी मोजून, दोन्ही कडांना खुंट्या ठोकून, तारखेसह फोटो काढून ठेवायला सांगा. थंडीत पहाटे भेगेतून वाफ येत असेल किंवा डांबरासारखा, रॉकेलसारखा वास येत असेल, तर गोफमध्ये उरलेला कोळसा आतल्या आत तापत असण्याची शक्यता आहे. अशा वेळी जवळ जाऊ नये, विडी-काडी पेटवू नये, गुरे तिकडे सोडू नयेत आणि त्याच दिवशी खाण व्यवस्थापनाला व तहसीलदारांना लेखी कळवावे. भेगेतून हवा आत जाते आणि त्या हवेवरच आग जगते. म्हणूनच भेगा चिकणमातीने ठासून, आजूबाजूच्या जमिनीपेक्षा थोड्या उंच भरायच्या असतात आणि एका पावसाळ्यानंतर पुन्हा पाहायच्या असतात. त्यांत पालापाचोळा किंवा कचरा टाकण्याची जी पद्धत गावोगावी दिसते, ती घातक आहे.

खरा उलगडा नकाशावरच होईल. खाण सोडताना मालकाने तशी सूचना किमान तीस दिवस आधी द्यायची असते आणि खाणीचा अद्ययावत नकाशा खाण सुरक्षा महानिदेशालयाकडे सादर करायचा असतो. या महानिदेशालयाचे मुख्यालय धनबादला असले, तरी नागपुरातही त्याचे कार्यालय आहे. माहिती अधिकारात अर्ज करताना ‘आमच्या शेताखाली खाण आहे का’ असे मोघम विचारू नये, कारण त्याला ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर मिळते. आपला गट क्रमांक लिहून त्याखालील कामाचा नकाशा मागावा. थराची खोली आणि काढलेली जाडी विचारावी. खांब उभे आहेत की काढले, काढले असल्यास कोणत्या वर्षी आणि वाळू भरली की छत पाडले, हे विचारावे. जमीन किती बसली याच्या मोजणीच्या नोंदीही मागाव्यात. खाण चालू असताना व्यापारी गुपिताचे कारण पुढे करता आले असते. बंद खाणीच्या नकाशात कसले गुपित राहिले, हे मला तरी समजत नाही. दरम्यान गावातल्या एखाद्या निवृत्त सर्वेअरला, ओव्हरमनला किंवा सिरदाराला (खाणीतल्या कामावर देखरेख करणाऱ्यांना) भेटावे. कोणते पॅनेल, म्हणजे खाणीचा कोणता भाग, कधी काढले, कुठे पाणी लागले म्हणून काम अर्धवट सोडले, हे या मंडळींना पक्के आठवत असते. त्यांच्या सांगण्यावर घर बांधू नये, परंतु अर्जात नेमके काय मागायचे हे त्यांच्याकडून कळते.

ब्रिटनमध्ये कोळसापट्ट्यात घर घेणारा माणूस ठरावीक शुल्क भरून त्या पत्त्याखालच्या जुन्या खाणकामाचा अहवाल मागवतो. त्यासाठी 1994 पासून स्वतंत्र सरकारी प्राधिकरण आहे. मुंबईत आपण ओसी पाहिल्याशिवाय फ्लॅटचा व्यवहार करीत नाही, तितकी ती तिकडे रुळलेली गोष्ट आहे. आपल्याकडे सात-बाराबरोबर असा अहवाल मिळण्याची सोय नाही, आणि माझ्या मते खाणबंदीच्या साऱ्या कागदपत्रांत हीच सर्वांत मोठी उणीव आहे.

नकाशा हाती आला आणि आपल्या गटाखाली काम झालेलेच नाही असे दिसले, तरी कामाच्या हद्दीपासूनचे अंतर पाहावे. जमीन बसण्याचा परिणाम खालच्या कामाच्या थेट वरच्या भागापुरता थांबत नाही. तो तिरका पसरतो, आणि भेगा बहुधा या पसरलेल्या कडेलाच पडतात.

प्रश्न : कुलाब्यापासून आरेपर्यंत मेट्रोचा बोगदा आख्ख्या शहराखालून गेला. वर जुन्या चाळी, टॉवर, सारे जागच्या जागी आहे. मग कोळशाच्या गॅलरीवर साधे बैठे घर का चालू नये? — एक वाचक, गिरगाव

उत्तर : प्रश्न रास्त आहे. मेट्रोचा बोगदा हा टिकण्यासाठी काढलेला असतो. यंत्र पुढे सरकते तसतशी मागे काँक्रीटच्या कड्यांची अस्तरी बसत जाते, कडे आणि खडक यांमधली पोकळी भरली जाते, आणि पुढे बोगदा वापरात असेपर्यंत त्याची देखरेख चालू राहते. शिवाय मुंबईखाली बहुतांशी बसाल्ट आणि त्याच्या जातकुळीतले ज्वालामुखीय खडक आहेत. कोळशाची गॅलरी काढतात ती कोळसा बाहेर काढेपर्यंत उभी राहावी म्हणून. तिला अस्तर नसते. छताला रूफ बोल्ट मारलेले असतात, जुन्या कामांत लाकडी टेकू असतात, आणि वरचा खडक म्हणजे वालुकाश्म व शेल (चिखलापासून बनलेला पापुद्र्यांचा खडक) यांचे थर असतात. त्यांतला शेल पाण्याने भुसभुशीत होतो. शिवाय मेट्रोचे बोगदे दोन असतात, तर खाणीत अशा गॅलऱ्यांचे जाळे कित्येक हेक्टरवर पसरलेले असते. खाण बंद झाल्यावर त्यात कोणी उतरत नाही, त्यामुळे बोल्ट गंजला किंवा टेकू कुजला तर ते वर कळण्याचा मार्ग उरत नाही.

याला जोडूनच एक गोष्ट, जी मुंबईकर वाचकांना गावी गेल्यावर डोळ्यांनी पाहता येईल. खाणीची उभी शाफ्ट बंद करताना ती दगड-मुरमाने भरून वर लोखंडी सळ्यांच्या काँक्रीटचे झाकण टाकतात. काही ठिकाणी त्या झाकणातून एक नळी वर काढलेली दिसते. ती आतल्या वायूला वाट म्हणून ठेवलेली असते. हवेचा दाब उतरला, जसा तो पावसाळी हवेत उतरतो, की जुन्या कामांतली हवा बाहेर येऊ लागते. तिच्यात मिथेन असू शकतो किंवा ऑक्सिजन अगदी कमी असू शकतो. ही नळी बुजवू नये, आणि त्या झाकणावर ओटा, मंदिर किंवा गोठा बांधू नये. आतला भराव कालांतराने खाली बसतो आणि झाकण अधांतरी राहते.

प्रश्न : खाण चालू होती तेव्हा आमच्या विहिरी आटल्या होत्या. आता पंप बंद झाल्यावर पाणी परत येईल असे सगळे म्हणतात. खाणीत साठलेले पाणी पिता येते का? आणि इतके पाणी खाली साठणे धोक्याचे नाही का? — एक वाचक, कल्याण

उत्तर : पाणी परत येते, पण त्याला वेळ लागतो आणि पूर्वीच्या पातळीला ते येईलच असे नाही. नागपूर-चंद्रपूरच्या कोळसापट्ट्यात कोळशाच्या थरांवर अनेक ठिकाणी कामठी वालुकाश्म आहे. हा खडक सच्छिद्र असल्याने पाणी चांगले धरतो आणि गावच्या विहिरी त्याच्यावरच चालतात. खाली काम सुरू झाले की हेच पाणी गॅलऱ्यांत उतरते आणि खाणीला ते दिवसरात्र उपसून नाल्यात सोडावे लागते. पंप थांबले की आधी सगळ्या गॅलऱ्या भरतात, मग खडकातली पातळी वर चढू लागते. छत कोसळताना वरचा वालुकाश्म फुटला असेल, तर पाण्याच्या जुन्या वाटा बदललेल्या असतात. त्यामुळे शेजारच्या दोन विहिरींपैकी एकीला पाणी येते आणि दुसरी कोरडी राहते, असेही घडते. यात सर्वांत आधी नुकसान होते ते नाल्यात सोडलेल्या उपशावर रब्बीचे पीक घेणाऱ्या शेतकऱ्यांचे. ते पाणी एका दिवसात थांबते, आणि खाणबंदीच्या चर्चेत त्यांचे नाव कोणी घेत नाही.

पिण्याविषयी : वेस्टर्न कोलफिल्ड्स (वेकोलि) या सरकारी कोळसा कंपनीने नागपूर जिल्ह्यातील पाटणसावंगीच्या भूमिगत खाणीचे पाणी शुद्ध करून ‘कोल नीर’ या नावाने बाटलीबंद केले, म्हणजे असे पाणी पिण्याजोगे करता येते. पण शुद्ध करून. आपल्याकडच्या गोंडवाना कोळशात गंधकाचे प्रमाण एकंदरीत कमी असले, तरी काही थरांत पायराइट (लोह आणि गंधक यांचे खनिज) असते आणि तेथे पाणी आम्लधर्मी होऊ शकते. पंप बंद झाल्यावर वर आलेल्या पहिल्या पाण्यात लोह आणि सल्फेट जास्त असण्याची शक्यता असते. प्रयोगशाळेत पीएच, विरघळलेले एकूण क्षार, सल्फेट, लोह आणि फ्लोराइड तपासून घ्यावे. भारतीय मानकानुसार एकूण क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत असणे चांगले आणि दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतात. फ्लोराइडची कमाल मर्यादा 1.5 मिलिग्रॅम आहे. चंद्रपूर जिल्ह्याच्या काही भागांत फ्लोराइड मुळातच भूजलात आहे, त्याचा खाणीशी संबंध नाही, म्हणून ते तपासायचे राहून जाते. एक तपासणी पावसाळ्यापूर्वी आणि एक पावसाळ्यानंतर करावी.

साठलेल्या पाण्याचा धोका वरच्या गावापेक्षा शेजारी चालू असलेल्या खाणीला जास्त असतो. 27 डिसेंबर 1975 रोजी धनबादजवळच्या चासनाला येथे जुन्या कामांत साठलेले पाणी मधला कोळसा फोडून चालू खाणीत घुसले आणि सुमारे पावणेचारशे कामगार गेले. त्यानंतर पंचवीस वर्षांनी, फेब्रुवारी 2001 मध्ये, झरियातील बागडिगी खाणीत शेजारच्या बंद खाणीच्या पाण्याने पुन्हा 29 बळी घेतले. पाणी भरलेल्या जुन्या कामाच्या 60 मीटरच्या आत पोचण्यापूर्वी परवानगी घ्यायची आणि पुढे भोके पाडत, चाचपत जायचे, हा नियम तेव्हाही होता. पण जुने काम नकाशावर चुकीच्या जागी दाखवलेले असेल, तर 60 मीटर मोजायचे कुठून? बंद खाणीचा नकाशा मिळवण्याचा आग्रह मुलुंडच्या वाचकांना केला आहे, तो केवळ त्यांच्या घरापुरता नाही.

जर्मनीतील रूर खोऱ्यात पाण्याचा प्रश्न उलटा आहे. तेथे एकाखाली एक अनेक थर काढल्याने काही ठिकाणी जमीन वीस मीटरपेक्षाही जास्त खचली आहे, आणि पंप थांबवले तर वस्त्यांत पाणी शिरेल. शेवटची दगडी कोळशाची खाण 2018 मध्ये बंद झाली तरी उपसा कायमचा चालू ठेवावा लागणार, आणि त्या खर्चासाठी 2007 मध्येच एक प्रतिष्ठान स्थापन केले गेले. विदर्भात थर कमी आणि खचणेही मीटर-दोन मीटरचे असल्याने तशी वेळ येण्याचे कारण नाही. बसलेल्या जमिनीत पावसाचे पाणी साचून तळे होते; ते भरून टाकायचे, चर खणून निचरा करायचा की मासेमारीसाठी ठेवायचे, हे ग्रामसभेने खाण व्यवस्थापनाबरोबर बसून ठरवावे.

प्रश्न : वडिलांची जमीन खाणीसाठी गेली होती. आता खाण बंद आहे. ती जमीन आम्हा वारसांना परत मिळेल का? निदान ती पूर्ववत करण्याचे पैसे कोण भरतो? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : पैशांचे आधी. केंद्रीय कोळसा मंत्रालयाच्या 2009 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रत्येक खाणीला खाणबंदी आराखडा आणि एस्क्रो खाते बंधनकारक झाले. या खात्यात खाणमालकाने दरवर्षी रक्कम भरायची आणि ती कोळसा नियंत्रकांच्या मान्यतेशिवाय निघत नाही. तेव्हा ठरलेला मूळ दर उघड्या खाणीला हेक्टरी 6 लाख आणि भूमिगत खाणीला हेक्टरी 1 लाख रुपये होता; तो पुढे महागाईनुसार वाढत गेला. अंतिम आराखडा खाण बंद होण्याच्या किमान पाच वर्षे आधी द्यायचा, बंद झाल्यावर तीन वर्षे पाणी आणि जमीन यांवर लक्ष ठेवायचे आणि मग प्रमाणपत्र घ्यायचे, असा क्रम त्या सूचनांत होता. भूमिगत खाणीला सहापट कमी दर लावण्यामागे वरची जमीन फारशी उकरली जात नाही हा विचार दिसतो. वर सांगितलेल्या उथळ खांबांचा विचार केला, तर मला तो दर आणि तीन वर्षांची मुदत, दोन्ही अपुरी वाटतात.

जमिनीचे उत्तर आपल्या कागदावर आहे. कोळसापट्ट्यातील बहुतेक संपादन 1957 च्या कोळसा धारक क्षेत्रे (संपादन व विकास) अधिनियमाखाली झाले आहे. त्यात जमिनीचे सर्व हक्क घेता येतात, किंवा केवळ खनन हक्क घेता येतात. भूमिगत खाणीसाठी शाफ्ट, इंक्लाइन, कोळसा डेपो, सायडिंग, कार्यशाळा, वसाहत यांपुरती जमीन सर्व हक्कांनी घेऊन बाकीच्या शेतांखालचे फक्त खनन हक्क घेतलेले असू शकतात. आपल्या गटाचे केवळ खनन हक्क गेले असतील, तर जमीन आपलीच आहे, ती परत मिळण्याचा प्रश्नच नाही. पीक किंवा बांध बिघडल्याची भरपाई मात्र मागता येते. सर्व हक्क गेले असतील, तर मालकी सरकारकडून सरकारी कंपनीकडे गेलेली असते आणि खाण संपली म्हणून ती वारसांकडे येत नाही. केंद्र सरकारने एप्रिल 2022 मध्ये अशा वापर संपलेल्या जमिनींविषयी जे धोरण मंजूर केले, त्यातही मालकी कंपनीकडेच ठेवून कोळसा व ऊर्जाविषयक प्रकल्पांसाठी ती भाड्याने देण्याची तरतूद आहे. 2013 च्या भूसंपादन कायद्यातील कलम 101 चा दाखला अनेक जण देतात. ते पाच वर्षे न वापरलेल्या जमिनीसाठी आहे, खाणीसाठी वापरून झालेल्या जमिनीला ते लागू करून घेणे कठीण.

तेव्हा वकिलाकडे जाण्याआधी भारताच्या राजपत्रातील कलम 9 ची अधिसूचना काढावी, तिच्या अनुसूचीत आपला जुना सर्व्हे क्रमांक शोधावा आणि त्याच्यावर ‘सर्व हक्क’ असे शीर्षक आहे की ‘खनन हक्क’, ते पाहावे. पुढे गट क्रमांक बदलले असल्यास दोन्हींचा मेळ घालणारा उतारा तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून घ्यावा लागेल.